रंगूबाई ‘नाय’ म्हणाली नव्हती

रंगूबाईला काहीही सांगायला गेलं की तिची मान आधी तिरकी व्हायची. मग प्रश्न यायचा, "तू पाहिलंस?"

"मी नाय, पण सगळे म्हणतात."

"सगळ्यांपैकी कुणी पाहिलं?"

इथवर आलं की सांगणारा वैतागून उठायचा. माहेरी तिला शंकासुर म्हणायचे आणि लग्न होऊन एकलहऱ्याजवळच्या या मळ्यात आल्यावरही ते नाव तिच्या मागोमाग आलं. नवरा वाळू अगदी उलटा. कानावर पडेल ते त्याला खरं वाटायचं आणि ऐकलेलं घरी येईपर्यंत दुप्पट व्हायचं.

एका वर्षी वाळू झेंडूचं नव्या जातीचं बी घेऊन आला. फूल चेंडूएवढं होतं आणि तोडल्यावर दिवसचे दिवस कोमेजत नाही, असं बीवाल्यानं त्याला सांगितलं होतं. वाळूला अख्ख्या मळ्यात तेच लावायचं होतं. रंगूबाई ते बी उकिरड्यावर फेकणार, अशी शेजाऱ्यांची खात्री होती. तिनं तसं केलं नाही. कडेच्या दोन सऱ्यांत ते लावलं आणि बाकी मळ्यात नेहमीचा झेंडू. बी खरंच गुणाचं निघालं. वाळूनं पुढे कितीतरी दिवस तिला टोमणे मारले, पण रंगूबाई तर जत्रेला निघालेल्या पोरीसारखी खूश! "अहो, आता कळलं ना? मग पुढच्या साली सगळा मळा याचाच." आपली शंका खोटी ठरल्यावर ही बाई हसते कशी, हे कोडं वाळूला कधी सुटलं नाही.

तर या रंगूबाईच्या मळ्यात यंदा बिबट्या आला.

दसरा तोंडावर होता. मळा पिवळ्या-केशरी फुलांनी नुसता पेटला होता. तोडणीला बाया सांगून ठेवल्या होत्या, क्रेट धुऊन उपडे घातले होते. आणि ऐन संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर एक व्हिडिओ आला. रस्त्याच्या कडेनं एक दांडगा बिबट्या आरामात चाललाय आणि खाली लिहिलंय, ‘आपल्या शिवारात बिबट्या. सावध राहा.’

झालं! दारं लागली, गुरं आत गेली. तोडणीच्या बायांनी निरोप पाठवला की उद्या येणार नाही. वाळू तर शपथेवर सांगू लागला, "परवा मी डरकाळी ऐकली होती. पण बोललो नाय."

रंगूबाईनं सून तेजलचा फोन मागून घेतला. "परत लाव." तेजलनं लावला. "अजून एकदा. इथं थांबव." तिनं बोट ठेवलं. "हे काय दिसतंय?"

"नारळ," तेजल म्हणाली.

"आपल्या रस्त्याला नारळ हायेत? आणि एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुरांडी कुठं गेली? इकडं कुठंही उभं राहा, ती दिसल्याबिगर राहात नाय."

तेजलचे डोळे विस्फारले. "आई, हा व्हिडिओ इथला नाहीच!"

बातमी वाऱ्यासारखी पसरली. लोक ओट्यांवर येऊन हसायला लागले. शेजारचा पुंजाराम, ज्याचा ऊस रंगूबाईच्या बांधाला लागून होता, तो मोठ्यानं म्हणाला, "रंगूवहिनींनी बिबट्या पळवला! आता बिनधास्त जा उसात." बायांचा निरोप फिरला, सकाळी येतो म्हणाल्या.

सगळे निर्धास्त झाले आणि रंगूबाईचा घास मात्र ताटातच राहिला.

"काय झालं?" वाळूनं विचारलं.

"मी असं कधी म्हणाले की बिबट्या नाय?"

"आता तूच तर म्हणालीस."

"मी म्हणाले, व्हिडिओ इथला नाय. अहो, व्हिडिओ खोटा निघाला म्हणून बिबट्या खोटा कसा? नदी हाय, ऊस हाय. माझ्या नावावर लोक उद्या उसात शिरतील आणि मी तर काहीच बघितलेलं नाय!"

उजाडल्याबरोबर ती मळ्यात निघाली. एकटी नको म्हणून तेजल आणि शेरू कुत्रा बरोबर. हातात काठी. आदल्या दिवशी पाणी भरलेल्या सऱ्या अजून ओल्या होत्या. उसाच्या बांधाजवळ शेरू एकदम थबकला. शेपूट पायात घालून कुईकुई करू लागला. रंगूबाईनं खाली बघितलं. चिखलात एक ठसा होता.

"आई, चला इथून," तेजल कुजबुजली.

"थांब. कुत्र्याचाही असू शकतो." तिची नजर ठशावरून हटत नव्हती. तिनं शेरूला पट्ट्याला धरून त्या ठशाच्या शेजारून ओढत नेलं आणि खाली वाकली. शेरूचा पंजा लांबट उमटला होता, पुढे नखांच्या टोच्या स्पष्ट. शेजारचा ठसा चांगला मोठा, गोल आणि त्याला नखांचा मागमूस नाही. थोडं पुढे तसाच दुसरा, मग तिसरा, सरळ उसाकडे गेलेले.

"मांजराचे असतात असे, नखं आत ओढलेली," तेजल म्हणाली.

"एवढं मांजर बघितलंस कधी?"

मग उलट पावली, हळूहळू, नजर उसावर ठेवून दोघी रस्त्यापर्यंत आल्या आणि तिथून रंगूबाईनं जी हाक मारली, ती वस्तीभर ऐकू गेली.

तोवर तोडणीच्या बाया पोचल्याच होत्या. पुंजाराम खांद्यावर फावडं टाकून उसाकडे निघाला होता. रंगूबाई हात पसरून त्याच्यापुढे उभी राहिली.

"वहिनी, काल नाय म्हणालात, आज हाय म्हणता? एक काहीतरी धरा की!"

"काल व्हिडिओ बघितला होता भाऊ, आज पाय बघितलाय."

"आणि चुकत असाल तर?"

"असेन की! मग लोकांसमोर हसा मला. पण आधी इथूनच आवाज करू. काही निघालं नाय तर खुशाल जा."

पुंजारामला ते पटलं की मजा वाटली कोण जाणे, पण त्यानं फावडं लोखंडी फाटकावर आपटायला सुरुवात केली. वाळूनं डबा घेतला, बायांनी क्रेट बडवले, ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दाबून धरला. एकच गलका! उसाचे शेंडे हलले. आधी एका जागी, मग पुढे, मग आणखी पुढे, आणि बांधावरून एक लांबलचक पिवळी रेघ हवेत उडाली. बिबट्या! क्षणभर तो झेंडूत उभा राहिला, फुलांइतकाच पिवळा, मान वळवून त्यानं माणसांकडे बघितलं आणि दुसऱ्या उडीत नदीकडच्या उसात दिसेनासा झाला.

पुंजाराम फावड्यासकट मटकन रस्त्यात बसला. "मी आत्ता तिथंच जाणार होतो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. रंगूबाईचा चेहरा उजळला होता. तिनं तेजलचे दोन्ही खांदे धरून हलवले. "बघितला! अगं, मी बघितला!"

वनखात्याची माणसं दुपारच्या आत आली. वनरक्षक मंजुषा मॅडमनी ठसे मोजले, फोटो काढले, बांधाला पिंजरा लावला. त्यांच्या सांगण्यावरून लोक एकेकटे फिरेनासे झाले. तोडणी थांबली. फुलं झाडावरच जास्त उमलत चालली आणि वाळू आत-बाहेर येरझाऱ्या घालत राहिला. पण दसऱ्याच्या आदल्या सकाळी पिंजऱ्याचं दार पडल्याचा फोन आला आणि सगळी वस्ती तिकडे लोटली. आत बिबट्या गुरगुरत होता.

"सुटलो एकदाचे!" वाळू म्हणाला.

रंगूबाई मॅडमजवळ सरकली. "हा एकटाच होता का हो?"

मॅडम हसल्या. "आम्हालाही तेच बघायचंय. म्हणून दुसरा पिंजरा इथं राहणार. दिवसा घोळक्यानं तोडा, गप्पा मारत राहा, उसाकडची कड सोडून द्या."

बिबट्याची गाडी निघून गेली आणि मळ्यात झुंबड उडाली. तोडणीच्या बाया, तेजल, वाळू, आणि न बोलावता आलेला पुंजाराम, सगळे सऱ्यांत उतरले. जो तो आपण बिबट्या कुठून पाहिला ते ओरडून सांगत होता आणि हात भराभर चालत होते. दुपार कलायच्या आत टेम्पो भरला. पुढच्या सीटवर जागा असूनही रंगूबाई मागे, फुलांच्या क्रेटला टेकून, उसावर नजर ठेवून बसली आणि टेम्पो नाशिकच्या बाजाराकडे सुटला.