पक्का खुबा, कच्चा खुबा

केशोरीच्या केवळरामचं डोकं म्हणजे तलावाची पाळ. एकदा दाबून बसवलं की हलायचं नाव नाही. हा तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाचा माणूस, वाडवडलांनी बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी, बांधलेल्या. म्हणून जगातल्या कुठल्याही बांधकामावर बोलायचा हक्क आपलाच, असं त्याचं मत.

उतारवयात त्याचा खुबा झिजला. गोंदियाच्या डॉक्टरनं हाड मऊ आहे म्हणून नवा खुबा सिमेंट लावून बसवला. घरी आल्यावर या शहाण्यानं काय करावं? नव्या स्लॅबवर तराईचं पाणी मारतात तसं, कमरेला ओलं पोतं गुंडाळून ओसरीत पडून राहिला. ऑपरेशनच्या टाक्यांत पाणी गेलं, डॉक्टरनं यथेच्छ झाडलं. तरी हा गावभर सांगत सुटला, आपला खुबा पक्का आहे, तराई झालेला.

पुढच्याच वर्षी बायकोचा, चंद्रकांताबाईचा, खुबा गेला. ती वयानं बरीच लहान, हाड टणक. डॉक्टर म्हणाला, हिला सिमेंट नको, हाडच वाढून खुब्याला धरून ठेवेल. केवळरामनं मनाशी निकाल देऊन टाकला. म्हणजे हे कच्चं काम! नव्या पाळीवर गवताची मुळं धरेपर्यंत ढोर चढू देत नाहीत, एवढं त्याला कळत होतं. पण हाडात गवत उगवलं की नाही, हे बघायचं कुठून? हिचा खुबा निसटला आणि ही पडली तर आपलं कसं व्हायचं, या धास्तीनं तो रात्रंदिवस तिच्या चालीकडे बघायचा.

मग त्यानं विहिरीचं पाणी आपल्याकडे घेतलं. झाडणं घेतलं, भांडी घेतली. सून पुष्पांजली मदतीला आली तर तिलाही हाकलायचा. लोक हसले, हसोत बापडे. अशी वर्षामागून वर्षं गेली आणि बाई खुर्चीत बसून चांगली गुटगुटीत झाली.

यंदा गोंदियाला दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे काढले. डॉक्टर म्हणाला, बाईंचा खुबा हाडानं पहिल्याच वर्षी घट्ट धरला होता, तेव्हाच सांगितलं होतं त्यांना. दोन्ही खुबे छान चाललेत. फक्त तुमच्या सिमेंटाच्या कडेला बारीक रेघ दिसते, घाबरायचं नाही, पण आता वजन उचलू नका.

परतीच्या एसटीत केवळराम धुमसत बसला. वाटेत अर्जुनी गाव आल्यावर त्याला कंठ फुटला.

"पहिल्याच वर्षी? मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी चुपचाप पानी भरून राहिले होते," चंद्रकांताबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी कायले सांगू?"

त्याला इतका राग आला की शेंगदाण्याची पुडी त्यानं एकट्यानंच संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सवयीनं बादलीकडे गेला, तर बादली जागेवर नव्हती. बाई ती भरून विहिरीवरून ताठ चालत येत होती, पाऊल कुठे डगमगत नव्हतं. केवळराम बघतच राहिला. मग निमूट आत गेला, कोठीतलं जुनं पोतं काढलं, कमरेला गुंडाळलं आणि ओसरीत आडवा झाला. सिमेंटात रेघ पडली तर तराई नको का करायला?

चंद्रकांताबाईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग बादली कलती करून थोडं थोडं पाणी त्या पोत्यावर ओतत राहिली.