आबांच्या काखेतलं रसायन

आमच्या आबांच्या काखा ही विलीनीकरणापर्यंत आमच्या घरची खासगी बाब होती. आबा म्हणजे माझे वडील, जव्हार संस्थानच्या दप्तरखान्यात कारकून. तिथे त्यांना सोबत होती ती मोडीतल्या बाडांची आणि झुरळांची, आणि घामाच्या वासाबद्दल दोघांचीही तक्रार नव्हती. पण संस्थान मुंबई राज्यात गेलं, कचेरीत नवे साहेब आले आणि हुकूम निघाला, की जुन्या नोकरांना साहेब एकेक करून समोर बोलावणार. पसंत पडेल तो राहील. बाकीच्यांनी घरी बसायचं.

साहेब कडक आहेत एवढ्यावर आबा घाबरले नसते. पण पहिल्याच दिवशी एका कारकुनाला साहेबांनी नाकाला रुमाल लावून सांगितलं, "तुम्ही दारातूनच बोला." तो बिचारा दारातून बोलला आणि दारातूनच घरी गेला!

आबांचं असं होतं, की भीती वाटली की घाम फुटायचा, आणि घाम फुटला की वासाच्या भीतीने आणखी घाम फुटायचा. तो वासही असा, की त्यांचा सदरा धुवायला काढला की आमचं मांजर परसात निघून जायचं.

"संपलं सगळं," आबा आईला म्हणाले. "सोमवारी माझी पाळी. बावीस वर्षं इमाने इतबारे काम केलं, आणि जाणार कशापायी, तर काखेपायी!"

इथे मी मध्ये पडायचं काही कारण नव्हतं. पण मी मुंबईला इंटर सायन्सपर्यंत जाऊन आलो होतो (इंटर सायन्स होऊन नव्हे, पर्यंत जाऊन) आणि वर्षभर घरी बसून माझी विद्या गंजत होती.

"आबा, हा रसायनशास्त्राचा प्रश्न आहे. माझ्यावर सोपवा."

"नको," आबा म्हणाले. माणूस पहिल्यापासून दूरदृष्टीचा.

"अहो, शिकलाय ना तो?" आई म्हणाली. "करू दे की काहीतरी. नुसता बसून खातोय!"

झालं, प्रयोग सुरू झाले. पहिल्या दिवशी मी तुरटीची पूड चोळली. घाम थांबला, पण कातडी अशी सोलवटली, की आबा दोन दिवस बुजगावण्यासारखे हात पसरून घरात फिरत होते. मग खोबरेल तेलात खाण्याचा सोडा कालवून लावला. हा फारच सौम्य निघाला. आबा कोपऱ्यावरच्या विहिरीपर्यंत जाऊन आले तेवढ्यात त्याचा गुण संपला! म्हणजे मला सौम्यही हवं होतं आणि टिकाऊही. विचार करता करता एकदम आठवलं, हिरडा! तुरट असतो, कातडी आवळतो, आणि आमच्या रानात पोत्यांनी मिळतो.

साखरशेतची सोनीबाय डोक्यावर टोपली घेऊन हिरडा विकायला यायची. तिने टोपली उतरवता उतरवता विचारलं, "एवढा हिरडा कशाला रं?"

"आबांच्या अंगाला लावायला."

"आंगाला? अरं, हिरड्यान त चामडा कमावतात! बापाचा जोडा शिवतंस का काय?"

मी हसलो. शास्त्र कळत नाही त्यांच्याशी वाद घालू नये!

हिरड्याचा दाट काढा मेणात आणि तेलात घोटून मलम केलं. रीत अशी ठरवली, की आधी मलम लावायचं, वरून तांदळाच्या पिठीत चिमूटभर तुरटी मिसळून ती पूड थापायची. तुरटी कमी, त्यामुळे आग नाही. हिरडा जोडीला, त्यामुळे गुण दिवसभर. पहिला प्रयोग स्वतःवर केला. भर उन्हात शिरपामाळावर दोनदा धावत जाऊन आलो आणि हात वर करून आईपुढे उभा राहिलो.

आईने भीत भीत नाक पुढे केलं. "अगबाई! खरंच काही येत नाही रे!"

आठ दिवसांत पहिल्यांदा आबा हसले. "पोरगा अगदीच वाया गेला नाही," असं ते म्हणाले, आणि मला खरं सांगायचं तर भरून आलं.

सोमवार उजाडला. आईने आबांचा बंद गळ्याचा पांढरा कोट खळ घालून, इस्त्री करून ठेवला होता. मी आबांना मलम लावलं, पूड करायला गेलो, तर तुरटी संपलेली! फळीवर आबांच्या सामानात एक बरणी दिसली. आत पांढरट पूड. म्हटलं, देव पावला, इथेही तुरटी आहे! (ही पूड काय आहे हे विचारायला तोंड होतं, विचारायला आबा होते. पण शास्त्रज्ञ कुणाला विचारत नसतो.) परीक्षा मोठी म्हणून दुप्पट घातली आणि थापून दिली. आबा टोपी घालून निघाले. धीर द्यायला मीही बरोबर गेलो.

आबांना आत बोलावलं आणि मी व्हरांड्यातल्या खिडकीशी उभा राहिलो. साहेबांनी त्यांना चक्क टेबलाजवळ बोलावलं. रुमाल काढला नाही! मी खुशीत कपाळावरचा घाम पुसला आणि सहज हाताकडे पाहिलं.

बोटं काळी झाली होती. निळसर काळी!

"कपाळाला काय फासलंस?" शेजारी बसलेल्या शिपायाने विचारलं.

मलम मी बोटांनीच लावलं होतं, पूडही बोटांनीच, आणि आता त्यावर घाम लागला होता. ती बरणी कसली होती याचा आत्ता डोक्यात उजेड पडला. आबा कचेरीची शाई घरी करायचे. हिरड्याचा काढा आणि हिराकसाची पूड, बस्स, पक्की काळी शाई तयार! आणि एरवी हिरवट असणारा हिराकस जुना झाला की हवेने पांढरा पडतो, हे मी कॉलेजात शिकलो होतो (त्या दिवशी मी हजर होतो, हेच दुर्दैव). आबांच्या काखेत हिरडाही होता, हिराकसही होता. फक्त पाणी पडायची खोटी होती.

"नोकरी किती वर्षं?" आतून साहेबांचा आवाज आला.

"बावीस, साहेब." आबांच्या मानेवर घामाचा थेंब चमकला.

"आबा, घाम येऊ देऊ नका!" मी खिडकीतून कुजबुजलो. आबांनी वळून पाहिलं, तर खिडकीत काळ्या कपाळाचा मुलगा हातवारे करतोय! ते इतके दचकले, की घाम धारांनी सुटला. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, मला पुन्हा नापास कर, पण ह्यांची नोकरी राहू दे.

आबांनी हात अंगाशी घट्ट दाबून धरले होते. अजून काही दिसत नव्हतं. आणखी पाच मिनिटं निभावली असती, तर वाचलो होतो!

"पोशेऱ्याच्या जमिनींचं जुनं बाड सापडेल?" साहेबांनी विचारलं.

"आत्ता देतो, साहेब!" बाडाचं नाव निघालं आणि आबा सगळं विसरले. न बघता नेमक्या कपाटाशी गेले आणि वरच्या फळीवरचं बाड काढायला त्यांनी दोन्ही हात वर केले.

पांढऱ्याशुभ्र कोटाच्या काखेत भाकरीएवढे दोन काळेकुट्ट डाग! बाड टेबलावर ठेवताना बाहीतून एक थेंबही टपकला. साहेबांनी तो बोटावर घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग नाकाजवळ नेला.

"वास तर नाही," साहेब म्हणाले. (हे मी आजही अभिमानाने सांगतो.) "काय आहे हे?"

"शाई, साहेब."

"काखेत?"

आबांनी खाली मान घातली. "मुलगा सायन्सला होता."

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. "तो?"

"तोच."

मग साहेबांनी शिपायाला खिडकी लावून घ्यायला सांगितली. पाव तासाने आबा बाहेर आले आणि तडक घराकडे चालू लागले. मी मागून. विचारायची हिंमत कुणाला होती!

आई दारातच उभी होती. कोट बघून तिने कपाळावर हात मारला. "अहो, काय झालं? बोला ना! गेली का नोकरी?"

"राहिली," आबा म्हणाले.

आई रडायलाच लागली. माझ्या जिवात जीव आला, आणि जीव आल्याबरोबर तोंडही सुटलं. "म्हणजे साहेबांना काम पसंत पडलं! बाड कसं एका दमात काढून दिलंत!"

"कामाचं काही बोलले नाहीत," कोटाची बटणं काढत आबा म्हणाले. "मुलगा काय करतो विचारलं. म्हटलं, घरीच असतो, प्रयोग करतो. साहेबांनी टाक उचलला. मग म्हणाले, 'असल्या घरात निदान एकाला तरी नोकरी असायलाच हवी,' आणि सही केली."