"नाही, साहेब"

नव्वदच्या दशकात मी तालुक्याच्या एका कचेरीत कारकून होतो. घर जव्हारला. घरी आईशी पाड्यावरची बोली बोलायची आणि बाहेर शाळेत मार खाऊन शिकलेली मराठी. ती मी इतकी घोटली होती की साहेब मला पुण्याकडचा समजत, आणि मी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

सूर्यमाळकडच्या एका पाड्यात नेपाळहून आलेली एक बाई राहायची. मुंबईत बांधकामावर असताना तिने इकडच्या एका मजुराशी लग्न केलं आणि त्याच्यामागे इथे आली, त्याला पंधरा वर्षं झाली होती. अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली. तिने अर्ज केला, तशी ती परदेशी असल्याची तक्रार कुणीतरी केली. म्हणून तिने नागरिकत्व मागितलं. कोणते कागद लागतात हे विचारायला ती आमच्या घरी आली आणि आईशी तासभर बोलत बसली. आमच्याच बोलीत.

अर्जाची चौकशी आमच्याच कचेरीकडे आली. त्या दिवशी साहेबांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. वर्तमानपत्र वाचायला लावलं. ती अडखळली, तसे शिपाईसुद्धा हसले. मग साहेबांनी विचारलं, "ग्रामसभा म्हणजे काय?"

"पाड्याची सगळी जना बसतात," ती पटकन म्हणाली. "इहीर कां नाय खणली, ता इचारतात. मंग आंगठा देतात."

इतकं नेमकं उत्तर आमच्या कचेरीत कुणी दिलं नसतं. साहेब माझ्याकडे वळले. "काय बोलते ही? तुम्हाला कळलं का?"

तिनेही माझ्याकडे पाहिलं. अगदी निर्धास्तपणे.

"नाही, साहेब."

त्यांनी शेरा सांगितला आणि मी वळणदार अक्षरात लिहिला: अर्जदारास मराठीचे ज्ञान नाही. भारतीयाच्या बायकोला भाषेची अटच नव्हती, हे मला पुढे नियम वाचताना समजलं. तोवर तिचा अर्ज फेटाळला गेला होता आणि जागा दुसरीला मिळाली होती. मी नियमांचं पुस्तक मिटून जागेवर ठेवलं.

बाजारात भेटल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. आई रागावली नाही. संध्याकाळी ताट वाढून तिने शब्द जुळवत मला म्हटलं, "आपण जेवून घ्यावे." मी हसलो, आमच्या बोलीत काहीतरी म्हणालो.

"मला समजत नाही," आई म्हणाली.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. शेजारणींशी, माझ्या बायकोशी, गुरांशीसुद्धा ती आमच्या बोलीत बोलायची. माझ्याशी मात्र नाही. शेवटच्या आजारात पाणीसुद्धा तिने मला अहोजाहो करूनच मागितलं.