मनोज सरांच्या आपट्या

मनोज सरांनी मोठ्या मनाने पेठच्या आश्रमशाळेतल्या सहा मुलींना ड्रेस आणून दिले आणि स्पर्धेच्या सकाळी सरावाच्या पहिल्याच झटापटीत तेजलची कॉलर समोरच्या मुलीच्या हातात आली. तेजल इकडे, कॉलर तिकडे.

स्पर्धा ज्युदोची होती आणि सरांनी गोळा केले होते कराटेचे ड्रेस. कराटेचा ड्रेस हलका, कारण तिथे मारामारी लांबून. ज्युदोत सगळा कारभार समोरच्याला कॉलरला धरून ओढण्याचा, म्हणून कापड गोधडीसारखं जाड लागतं. सरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण माणूस एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी करणारा, संध्याकाळी विहाराच्या हॉलमध्ये कराटे शिकवणारा, अर्ध्या पोरांकडे फी मागायलाही लाजणारा. चांगलं काम निघालं की हा आधी स्कूटर काढतो, विचार मागून रिक्षाने येतो.

"सर, आमी भाताच्या पेंढ्याची पोती अंथरून शिकलो," आश्रमशाळेचे मंगळू मास्तर म्हणाले. "पोती नाय फाटली कधी."

हे ते रागाने म्हणाले असते तरी परवडलं असतं. पंचांनी स्पष्ट सांगितलं होतं, जाड ड्रेस नसेल तर मॅटवर पाय नाही. म्हणजे पहाटे पेठहून निघालेल्या पोरी न खेळताच परत जाणार.

स्पर्धेच्या हॉलमध्ये जास्तीचे जाड ड्रेस नव्हतेच; मागण्यासारखे होते ते फक्त ज्युदो शिकवणाऱ्या नानांच्या पोरांकडे. आणि नानांच्या ज्युदोला सरांनी मागे एका सत्कारात, माइकवरून, 'गादीवरची लोळणफुगडी' म्हटलं होतं.

सर गेले. बूट काढून गेले.

"या, मनोजराव! लोळायला आलात?"

"नाना, चुकलं माझं. पोरींना ड्रेस द्या."

"देतो की. पण आमच्याकडे रीत आहे. ड्रेस मागणाऱ्याने आधी एकदा पडून दाखवायचं."

"मुलींना पडता येतं, नाना."

"मुली कुठे मागतायत? मागताय तुम्ही. आणि ड्रेस सहा."

नानांनी उज्वलाला हाक मारली. ही दहावीतली, काडीसारखी मुलगी. "सर, श्वास सोडा हं," ती अदबीने म्हणाली आणि पुढच्या क्षणी सरांना छताचे पंखे दिसले. स्पर्धा बघायला आलेले सरांचे स्वतःचे विद्यार्थी पालकांसह बघत होते. एका पालकाने मोबाइल काढला, दुसऱ्याने त्याला 'आडवा धर' म्हणून सुचवलं.

प्रत्येक आपटीला नानांच्या रांगेतून एक मूल पुढे येई, अंगातला ड्रेस उतरवून पेठच्या एका मुलीच्या हातात देई आणि टी-शर्टवर परत जाऊन बसे. त्यांच्या लढती व्हायच्या होत्या. ड्रेस दिवसभर आळीपाळीने घालू, असं पोरांनी आपसातच ठरवलं होतं. तिसऱ्या आपटीनंतर कोणी हसेना. चौथीला मंगळू मास्तरच पुढे आले, "बास करा, नाना. लय झालं."

"मी कुठे थांबलोय?" सर जमिनीवरून म्हणाले.

पाचवीला कंबरेत काहीतरी कटकन वाजलं. सर उठले, पण अर्धेच.

सहावा ड्रेस नानांनी स्वतःच्या पिशवीतून काढला, तेजलच्या अंगात घातला, बाह्या दोनदा दुमडल्या. "ही आपटी उधार, मनोजराव."

तेजल पहिली लढत जिंकली. दुसरीत हरली, पण समोरचीला घाम फोडून. बाकीच्यांचंही थोडंफार तसंच झालं. नाना मंगळू मास्तरांना म्हणाले, सुट्टीत पोरींना घेऊन या, मॅट पडूनच असते.

सर आता दर रविवारी नानांकडे पडायला शिकायला जातात. उज्वला शिकवते, आणि न चुकता विचारते, "सर, आज ती सहावी?"

"कंबर बरी होऊ दे," सर म्हणतात.

विहारातली पोरं मात्र सांगतात, सरांची लाथ परवापासून पुन्हा डोक्याच्या वर जाते.