कमरेला बांधलेलं शिसं

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भांडत होते. कट्टा गावच्या बाजारात, एका वांगेवाल्याशी. पारडं नीट टेकायच्या आत त्याने वांगी माझ्या पिशवीत ओतली, आणि मी त्याला ती सगळी परत काढायला लावली होती. तीस वर्षं पोस्टात पार्सलं तोलली मी, मला कोण फसवतो? तेवढ्यात देवबागहून वहिनीचा फोन. "शालू गो, दादा गेलो," एवढंच म्हणाली. मी फोन बंद केला, वांग्यांचं वजन पुरं करून घेतलं, पैसे दिले आणि मगच रिक्षा बघायला निघाले. या गोष्टीला पाच आठवडे झाले. ती वांगी मी का तोलून घेतली याची चीड अजून जात नाही.

देवबागला पोचले तर अंगणात माणसं बसलेली, आणि जो येतो तो एकच बोलतो, "सुटलो बिचारो." पहिल्या दोघा-तिघांचं ऐकून घेतलं. चौथ्याला विचारलं, कशातून सुटलो रे? बासष्ट वर्षांचा माणूस, त्याला होडी होती, बायको होती, खाडी होती, भांडायला मी होते. त्याला कुठे सुटायचं होतं? त्याला राहायचं होतं. राहायच्या हट्टापायीच त्याने जो गाढवपणा करायचा तो केला, आणि तो कुणाला माहीत नाही म्हणून लोक बिचारो बिचारो करतात. माझा भाऊ बिचारा नव्हता. तो लबाड होता, आणि ती लबाडी सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे.

दत्ताराम त्याचं नाव, पण सगळ्या वाडीचा तो दादा. खडपावर, म्हणजे समुद्रातल्या बुडालेल्या खडकावर, गळ टाकून मासे धरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पाण्याखालचं खडप वरून दिसत नाही, ते खुणांवरून ओळखायचं. किनाऱ्यावरच्या देवळाचा कळस आणि मागच्या डोंगरावरचा एक ठरावीक माड एका रेषेत आले पाहिजेत, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला बेटाचं टोक अमुक घराच्या मागे गेलं पाहिजे. दोन रेषा जिथे कापतात तिथे नांगर. चार हात इकडे-तिकडे झालात तर नुसती वाळू. मी लहान असताना त्याने मला एकदा होडीत नेऊन ते दाखवलं होतं. मी घरी येऊन आईला सगळं सांगून टाकलं म्हणून मग आठ दिवस बोलला नाही. खुणा म्हणजे घरातलं गुपित, त्या बायकांच्या तोंडी लागता कामा नयेत असं त्याचं मत. माझ्याशी असं कितीतरी वेळा तो आठ-आठ दिवस बोलला नसेल.

त्याचा आवाज बसला तो ऐन हंगामात. वाऱ्यात ओरडून ओरडून बसला म्हणाला. महिना गेला, दोन गेले, गिळताना कान दुखायला लागला, तरी आपलं तेच, "बंदी लागांदे, मगे बगूया." जूनमध्ये मासेमारी बंद होते, तोवर आजाराने थांबावं असा त्याचा हिशेब. आजार कशाला थांबतोय? मेमध्ये मी त्याला जवळजवळ ओढत डॉक्टरकडे नेलं, तुकडा तपासला, घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र न काढता बरा होण्यासारखा आहे, पण कोल्हापूरला सात आठवडे राहावं लागेल, किरणांचे उपचार घ्यावे लागतील, जोडीला आठवड्याला एक केमोचं सलाईन. झालं, वाडीत जिभा सुटल्या. शेक दिल्यावर माणूस आतून जळतो. त्याच्या अंगातून किरणं निघतात, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. एका शहाण्याने तर वहिनीला त्याचं ताट-पेला वेगळा ठेवायला सांगितलं. मला तिथेच त्याच्या डोक्यात तो पेला घालावासा वाटला होता. यंत्र बंद झालं की किरणं संपली, अंगात काही उरत नाही, हे कोल्हापूरच्या डॉक्टरबाईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नातवंडाला मांडीवर घ्या म्हणाल्या, खुशाल घ्या.

त्याच्याबरोबर मी राहिले, कारण वहिनीला गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत. आधी दात तपासले, दोन काढले. मग मुखवटा केला. जाळीदार प्लास्टिकचा एक पत्रा गरम पाण्यात मऊ करतात आणि ओल्या फडक्यासारखा चेहऱ्यावर ओढतात. पाच-दहा मिनिटांत तो गार होऊन घट्ट होतो, नाक, हनुवटी, गळा, सगळं जसंच्या तसं. उपचाराच्या वेळी तो मुखवटा घालून माणसाला टेबलाला जखडतात, म्हणजे रोज मान बरोबर त्याच जागी येते. मग त्या स्थितीत स्कॅन, आणि आठवडाभर डॉक्टर आणि त्यांची माणसं बसून आखणी करतात, कुठल्या बाजूने किती किरणं सोडायची, गाठीला पुरती मिळाली पाहिजेत आणि मज्जारज्जूला, लाळेच्या ग्रंथींना कमीत कमी. तिथल्या तंत्रज्ञ मुलीने मला काचेतून दाखवलं. भिंतीतून लाल रेषा येतात, मुखवट्यावरच्या फुल्यांवर जुळवतात, आधी एक फोटो काढून आखणीशी ताडतात, थोडा फरक असला तर टेबल केसभर सरकवतात, आणि मग यंत्राचं डोकं माणसाभोवती फिरतं. पंधरा मिनिटांचा खेळ. दुखत नाही, चटका नाही, काही कळतसुद्धा नाही. पहिल्या दिवशी दादा बाहेर आला तो चक्क खुशीत. "गो शालू, हे माझोच धंदो करतत. दोन खुणा जुळल्यो काय खाली खडप." कोल्हापूरला जाऊन त्याला आपल्या जातीची माणसं भेटली होती. हे त्याला कळलं होतं, ध्यानात ठेवा. पुढे जे झालं ते न कळून झालेलं नाही.

पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्यापासून तोंड आलं, थुंकी चिकट झाली, मानेची कातडी काळवंडली, चव गेली. सांगितलं होतं तसंच सगळं, नवीन काही नाही, आणि उपचार संपल्यावर हळूहळू ओसरेल हेही सांगितलेलं. पण पेज गिळताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. डॉक्टरबाई दर सोमवारी बजावत, वजन घसरू देऊ नका. घसरलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल, आणि चेहरा बारीक झाला की मुखवटा ढिला पडतो, मग नवा मुखवटा, नवा स्कॅन, नवी आखणी, त्यात दिवस जातात. दादाने त्यातलं एवढंच ऐकलं की दिवस जातात. पस्तीस वेळा यंत्रावर झोपायचं ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपत होतं आणि त्यानंतर चारच दिवसांनी नारळी पौर्णिमा. सोन्याचा मुलामा दिलेला नारळ समुद्राला देऊन होडी लोटायची ती त्यानेच, असं त्याच्या मनात पक्कं होतं. "नाकात नळी घालून मी नारळ सोडूक जावचंय नाय," म्हणाला. मी म्हटलं, मग गिळ मुकाट्याने.

कोल्हापूरच्या भाड्याच्या खोलीवर वेळ जावा म्हणून त्याने घरून एक पागायचं जाळं आणलं होतं. खाडीत कमरेभर पाण्यात उभं राहून गोल फेकतात ते, घेराला शिशाच्या गोळ्या असतात म्हणून खाली बसतं. घेर दुरुस्त करायचा आहे म्हणाला. दुपारी मी डुलकी काढायची आणि तो खिडकीपाशी जाळं घेऊन बसायचा. मी बघत होते की घेराच्या गोळ्या वाढण्याऐवजी कमी होताहेत. विचारलंसुद्धा. "जुनी शिसा काडतंय, नवी घालतलंय," म्हणाला... आणि दर सोमवारी काट्यावर अठ्ठावन्न किलो. मी वहीत लिहून घ्यायची, अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, साडेसत्तावन्न. डॉक्टरबाई खूश. काटा पँटच्या आत बघत नाही.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी ती तंत्रज्ञ मुलगी बाहेर आली. "मावशी, मुखवटा हलतोय. टेबल सरकवूनही फोटो जुळत नाही, आणि वजन तर तेवढंच आहे. असं होत नाही हो." तिने दादाला पुन्हा काट्यावर उभं केलं आणि सदरा वर घ्यायला सांगितला. तो घेईना. मी पुढे झाले, त्याच्या कमरेला हात घातला, तर धोतराच्या फडक्याची शिवलेली पिशवी हाताला लागली. ओढली तशी शिवण उसवली आणि शिशाच्या गोळ्या सगळ्या फरशीवर घरंगळत गेल्या, काट्याखाली, कपाटाखाली, दारापर्यंत. बाकावरचे पेशंट बघत राहिले. दादा म्हणाला, "जाळ्याचा शिसा आसा," जणू तेवढ्याने काही खुलासा होणार होता. डॉक्टरबाई आल्या. ओरडल्या नाहीत. त्याच्या समोर स्टुलावर बसल्या आणि विचारलं, "किती आठवडे?" त्याने तीन बोटं दाखवली. मी मात्र ओरडले. खुणा जुळल्याशिवाय खडप मिळत नाही हे मला लहानपणी शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या गळ्याच्या खुणा हलवल्या, आणि तेही एका नारळासाठी. भर दवाखान्यात मी त्याला मालवणीतून जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

नवा मुखवटा झाला, नवी आखणी झाली, नळी घातली. सहा दिवस उपचार बंद राहिले. नारळी पौर्णिमा कोल्हापूरच्या खाटेवर गेली, नारळ शेजारच्यांनी सोडला. चतुर्थीच्या आधी घरी आलो. दिवाळीपर्यंत चव थोडी परतली, बांगड्याच्या तिखल्यात मीठ कमी आहे म्हणून त्याने वहिनीशी भांडण काढलं तेव्हा आम्ही दोघी आनंदाने रडलो. शिमग्यानंतर मानेत पुन्हा गाठ आली. या वेळी डॉक्टरबाईंकडे सांगण्यासारखं फार नव्हतं. निघताना मी त्यांना एकटीला गाठून विचारलं, ते शिसं नसतं तर? त्यांनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाल्या, "तरीही परत आला असता, कदाचित. नसताही आला. मला सांगता येणार नाही." खरं बोलल्या, त्याबद्दल त्यांचे आभार. पण त्या कदाचितला मी कुठे नेऊन ठेवू?

कारण दादाला शिव्या घालून माझं भागत नाही. पट्ट्याला त्याने जाळ्याच्या सुईने पाडलेली दोन नवी भोकं मी पाहिली होती. सदऱ्याच्या गळ्यात माझी चार बोटं सहज जात होती. वांग्याच्या पारड्यावर भांडणारी मी, मला काय कळलं नसेल? मला तो आकडा हवा होता. त्या खोलीला, खानावळीच्या डब्याला, रोजच्या त्या बाकाला मीही विटले होते. अठ्ठावन्न लिहिलं की वेळेवर घरी जायचं होतं, म्हणून मी अठ्ठावन्न लिहिलं. तेव्हा कोणाच्या घरात कोणी या उपचारांना जात असेल तर माझं ऐका. वजन घटलं तर सांगा, गिळवत नसेल तर सांगा, मुखवट्यात मान हलली तर तिथल्या तिथे हात वर करा. नळी म्हणजे हार नव्हे, ती दोन महिन्यांनी निघते. आणि सोबत बसणाऱ्यांनो, नुसता काटा बघू नका, माणसाकडे बघा.

फरशीवरचं शिसं त्या मुलीने वेचून मला पिशवीत घालून दिलं होतं. वर्षभर ते माझ्या कपाटात होतं. बाराव्यानंतर वहिनीचा फोन आला, "शालू, ता शिसा घेवन ये गो. जाळा अर्धा रवलाहा, माका बगवत नाय." निघण्याआधी मी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. तीन किलो चारशे. एवढा दादा माझ्या शेजारी बसल्या बसल्या नाहीसा झाला होता आणि मी पेन घेऊन उभी होते.

जाळं ओटीवर त्याच्याच खुंटीला होतं. आम्ही दोघी उंबऱ्यात बसलो आणि त्याने शिकवलं होतं तसं चार-चार बोटांवर एकेक गोळी ओवत गेलो. दुपार उलटून गेली. शेवटी एक गोळी कमी पडली, ती बहुधा कोल्हापूरच्या त्या कपाटाखालीच असेल. वहिनी म्हणाली, बाजारातून एक आणू. मी नको म्हटलं. जाळं परत खुंटीला लावलं, घेरातली ती मोकळी जागा माझ्याकडे करून, आणि तिच्याकडे बघत दादाला मोठ्याने दोन शिव्या घातल्या. वहिनीने अडवलं नाही.