दवाची दोरी

गवतावरचं दव झटकायला माणसं दोन लागतात. मैदानाच्या दोन कडांना दोघांनी उभं राहायचं, मधली जाड दोरी गवतावर टेकवायची आणि सारख्या चालीने ओढत न्यायची. एक जण पुढे गेला की दोरी तिरकी होते आणि मधलं दव तसंच राहतं. लवू परबाच्या दोरीचं दुसरं टोक त्याची बायको रुक्मिणी धरायची. तिची चाल कधी चुकली नाही.

बोरीवलीला नॅशनल पार्काच्या अंगाला एका क्लबचं लहानसं मैदान आहे. लवू तिथे माळी. मैदानामागच्या खोलीत दोघांचा संसार झाला. रुक्मिणी काही क्लबची नोकर नव्हती, पण बदामाच्या झाडाखालचा कोपरा तिचाच. त्या सावलीत गवत धरत नसे. ती उकिडवी बसून जुन्या उलथन्याने भोकं पाडायची आणि हरळीचा एकेक ठोंब रोवायची. ठोंब मेले की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रोवायची. लवू म्हणायचा, सोड तो नाद. ती म्हणायची, तुम्ही तुमचं मैदान बघा. शेवटी गवत धरलं, आणि सगळ्या मैदानात दाट तिथेच झालं.

यंदा गणपतीनंतर रुक्मिणी काविळीने गेली.

दिवसकार्य आटोपून लवू कामावर उभा राहिला तेव्हा पाऊस सरला होता. दिवसा ऊन भाजायचं, पहाटे पार्काकडून गारवा उतरायचा. गवताला हेच दिवस वाईट. उन्हं वर येईपर्यंत दव पात्यावर बसून राहिलं की बुरशी धरते.

दोरीच्या दुसऱ्या टोकाला लवूने कुणालाच उभं केलं नाही. रुक्मिणीच्या तळहाताला दोरी काचायची म्हणून तिने त्या टोकाला जुन्या साडीची चिंधी गुंडाळली होती. ते टोक लवूने खुंटीला बांधलं आणि तो एकटाच ओढू लागला. पण खुंटीची दोरी गोल फिरते. कोपरे सुटतात. बदामाखालचा कोपरा सुटला.

आधी तिथे वाटीएवढा पिवळट डाग पडला. पहाटे त्यावर कोळिष्टकासारखे पांढरे तंतू दिसले. लवूला कळायचं ते कळलं. त्याने संध्याकाळचं पाणी बंद केलं, युरिया थांबवला, औषध मारलं, दर कापणीनंतर मशीनची पाती धुतली. कष्टात कसूर केली नाही. दोरी मात्र खुंटीलाच राहिली.

मुलगी अक्षता चेंबूरहून चार दिवस राहायला आली होती. तिने दोरी धरते म्हटलं, तर तुला जमायचं नाही, असं तो म्हणाला.

"आईला जमायचं ना? ती काय पैलवान होती?"

लवू हसला नाही. खुंटी ठोकायला गेला.

डाग एकमेकांना मिळाले. एक सावलीबाहेर, खेळपट्टीच्या दिशेने उठला. क्लबचे सेक्रेटरी शरच्चंद्र येऊन बघून गेले. रुक्मिणीच्या हातचा चहा ते अनेकदा प्यायले होते. ते बदामाखाली जाऊन उभे राहिले.

"लवू, हा तुकडा काढल्याशिवाय बाकीचं वाचेल?"

लवूने पिवळ्या पात्यांवरून हात फिरवला.

"उद्यापर्यंत थांबा, साहेब."

"मी थांबेन रे. बुरशी थांबेल का?"

त्या संध्याकाळी जेवताना अक्षता बोलली. "बाबा, आईच्या टोकाला तू कुणाचा हात लागू दिला नाहीस. टोक जपलंस, आणि तिचं गवत गेलं."

बोलल्यावर तिलाच रडू आलं. लवूने हातातला घास ताटात ठेवला.

सकाळी त्याने फावडं घेतलं. मुळं खोल गेली होती. रुक्मिणीने रोवलेलं सहज सुटेना. एकेक ढेकूळ मातीसकट काढून तो गोणीत भरत गेला. एक ठोंब हिरवा दिसला. तो त्याने वेगळा ठेवला, कुंडीत लावायला. मग उन्हात धरून बघितला. एका पात्याला डाग होता. तोही गोणीत गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने खुंटीची दोरी सोडली आणि चिंधीचं टोक अक्षताच्या हातात दिलं. तिने ते छातीशी धरलं.

"खाली धर गो. वाक जरा. तुझी आई वाकायची."

दोघं दोन कडांनी निघाले. गवतावर दोरीचा आवाज होत नाही. बदामाखाली उघड्या मातीवर आली तशी ती खरखरली. अक्षताचे पाय थांबले. दोरी तिरकी झाली.

"बाबा..."

लवूने तिकडे बघितलं नाही.

"चाल," तो म्हणाला. "मधलं दव राहतंय."