मीनाच्या पावडरीचा पुरावा

दैवशाला थोराड अंगाची. जुन्या जालन्यात आडतीच्या मागच्या गल्लीत तिचं घर, आणि तिच्या हातच्या धपाट्यांना गल्लीभर नाव. नवरा अंगद याला मात्र तिच्यासोबत चालायची लाज वाटायची. लग्नाला तो स्कूटरवर पुढं जायचा, ती मागून ऑटोनं. "हिला बसवली की टायर बसतंय," असं चारचौघांत सांगायचा. लोक हसायचे. तीही हसायची.

नणंद मीना वजन उतरवायची पावडर विकायला लागली, तेव्हा पहिला डबा तिनं वहिनीलाच दिला. आधी भिंतीशी उभं करून, पदर काढायला लावून फोटो घेतला.

"यात काय काय हाय, ताई?"

"सगळं झाडपाल्याचं, वहिनी. साइड इफेक्ट बिलकुल न्हाई."

डब्यावर त्रिफळा, मेथी, गुळवेल अशी नावं होती आणि शेवटी 'इतर गुणकारी घटक'. कोणतं किती, ते नव्हतं. कारखान्याच्या पत्त्यात गावच नव्हतं. दैवशाला बारावी शिकलेली. तिला ते खटकलं. अंगद खेकसला, "फुकट भेटून राह्यलं तर कीस काय पाडतीस?" तिनं पावडर पाण्यात कालवून प्यायली.

वजन झपाट्यानं उतरलं. झोप उडाली, हात थरथरायला लागले, छातीत सारखी धडधड. पण एका संध्याकाळी अंगदनं तिला स्कूटरवर मागं बसवून बाजारातून फिरवून आणलं. तेवढ्या एका फेरीवर तिनं पुढचे डबेही संपवले.

मग एक दिवस ती नळावर चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाईंनी डबा मागवून घेतला, फिरवून फिरवून वाचला.

"त्रिफळ्यानं ठोके असे चुकत नसतात. यात न लिहिलेलं काहीतरी कालवलेलं असणार. काय ते तपासणीशिवाय सांगता येणार नाही. आजच बंद करा, आणि उरलेली पावडर सांभाळून ठेवा. तपासायला पाठवू."

उरलेली पावडर मीनानं त्याच दुपारी मोरीत ओतली. "डॉक्टरांना आपल्या गोळ्या खपवायच्या असतात," ती म्हणाली. अंगदनं बहिणीचीच री ओढली.

दैवशालाचं हृदय कमजोर झालं ते झालंच. ती अंथरुणाला लागली. मीनानं तिला उशीला टेकवून, तोंडाला स्नो-पावडर लावून दुसरा फोटो काढला. "जरा हसा की, वहिनी." दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून मोबाइलवर फिरवले. शहागडहून, टेंभुर्णीहून बाया यायला लागल्या. फोटोवर विश्वास बसला नाही की मीना त्यांना थेट वहिनीच्या खोलीत आणायची. बाया दंड चाचपून बघायच्या.

टेंभुर्णीच्या पुष्पाबाई लग्नाच्या लेकीला घेऊन आल्या. पोरगी अंगानं भरलेली, मान खाली घातलेली. मीना चहा टाकायला आत गेली तशी दैवशाला पुटपुटली, "बाई, पोरीला हे देऊ नका. माझं काळीज यानंच खराब झालंय. डब्यात काय हाय ते विकणारीलाबी माहीत न्हाई."

पुष्पाबाईंनी तिची गळ्याची हाडं पाहिली, मनगटातून घसरलेल्या बांगड्या पाहिल्या.

"सोताचं बराबर झालं. आता दुसऱ्याच्या लेकीचं जमलेलं पाहवंना व्हय?"

पिशवीभर डबे घेऊन त्या गेल्या. बाहेरून सगळं ऐकलेला अंगद आत आला, दार लोटून म्हणाला, "परत असलं बोललीस तर माहेरी नेऊन टाकीन."

दुपारी आणखी दोघी आल्या. दैवशालानं डोळे मिटून घेतले. त्यांनी पांघरूण बाजूला करून तिला नीट निरखलं.

"खरंच की गं," एक जण म्हणाली.